अकरा घरांचे शिक्के

बोलणं हाच माझा व्यवसाय. कर्वेनगरमधल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मी बत्तीस वर्षं जपानी शिकवते आहे, म्हणजे बत्तीस वर्षं तोंडाचा पट्टा चालूच आहे — आणि तरी ही एक गोष्ट त्या तोंडातून कधी बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला माहीत नाही. बहिणीला माहीत नाही. ज्यांना वाटतं की ही आपल्यापासून काही लपवत नाही, त्या दोन मैत्रिणींनाही नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. दुसरं अजून सापडलेलं नाही.

सुरुवात कुठून करावी? मी जे खोटं बोलले ते जेमतेम दोन ओळींचं आहे. ते आत्ताच सांगून मोकळी झाले तर तुम्ही म्हणाल, एवढंच? म्हणून आधी जिच्याशी बोलले तिच्याबद्दल सांगते.

सुवर्णा वाघोलीची. तिथल्या जुन्या शेतकरी घरातली. वडिलांच्या शेताच्या चारी बाजूंनी इमारती उठताना बघत मोठी झालेली. अकरा वर्षांपूर्वी माझ्याकडे आली तेव्हा लग्नाला वर्ष झालं होतं. नवरा गणेश इंजिनिअर, त्याची कंपनी त्याला जपानला पाठवणार होती. त्याचं ऑफिस इंग्रजीत चालणार — हिचं काय? म्हणून ही आठवड्यातून तीनदा, दोन बस बदलून कर्वेनगरला यायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, “मॅडम, लिव्हायवाचायला कमी आलं तरी चालंल, पन मला बोलता आलं पायजे. शेजारपाजार सोडला तर तिथं कोन हाय मला?”

मी काय केलं असेल? मी तिचं मराठी सुधारलं. ‘हाय’ नाही, ‘आहे’. ‘पन’ नाही, ‘पण’. जपानीच्या वर्गात! बाकीची पोरं हसली, तीही हसली, म्हणाली ‘आहे’, आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा ‘हाय’. मला तो आगाऊपणा वाटला. आगाऊपणा नव्हता, तिला हसू येत होतं एवढंच. आणि तिचा कान इतका चांगला होता की महिन्याभरात तिचे जपानी उच्चार वर्गातल्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ झाले. हे मी तिला कधी सांगितलं नाही. कौतुक करायला आमच्याकडे जीभ जरा जडच.

प्रत्येक बॅचला पहिल्या आठवड्यात मी एक गोष्ट सांगते — सांगत असे. मी चोवीस वर्षांची असताना शिष्यवृत्तीवर दोन वर्षं जपानला होते. एका लहान गावात, एका विधवा बाईंच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. आंघोळीचं गरम पाणी रोज सगळ्यांत आधी मला. गल्लीतल्या प्रत्येक घरात मला नेऊन ओळख करून दिलेली, जसं काही माहेरवाशीण आली आहे. आणि मी परत निघाले तेव्हा त्या बाई स्टेशनवर पदराने — पदर कुठला, रुमालाने — डोळे पुसत उभ्या होत्या. मग मी वर्गाला म्हणायचे, जो नियम पाळतो त्याला जपानी माणूस कधीही परका मानत नाही. पोरं वहीत लिहून घ्यायची. सुवर्णानंही लिहून घेतलं होतं, मला तिची मान खाली घातलेली अजून दिसते.

त्या गोष्टीत खोटं काहीच नाही. बाई रडल्या, हे खरं. पण का रडू शकल्या?

गल्लीतली सगळी माणसं मला एकच प्रश्न विचारायची, परत कधी जाणार? भाजीवाला विचारायचा, पोस्टमन विचारायचा, बाई तर जेवताना रोज. मला वाटायचं, किती जीव लावतात, आत्तापासून वियोगाची काळजी! दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मला तिथल्याच एका भाषांतराच्या ऑफिसात नोकरी मिळाली. मी धावत घरी आले आणि बाईंना सांगितलं, मी जाणार नाही, इथेच राहणार, ही खोली आता कायमची द्या. त्यांचं हसू तसंच राहिलं. फक्त जेवतानाचा तो रोजचा प्रश्न त्यांनी बंद केला. आठ दिवसांनी त्यांच्या पुतण्याला अचानक ती खोली लागली. गल्लीतल्या दोन घरांबाहेर ‘खोली भाड्याने’ अशा पाट्या होत्या, मी चौकशीला गेले त्या दिवशी दोन्ही खोल्या गेलेल्या होत्या. पुतण्या काही मला दिसला नाही. मी परत यायचं तिकीट काढलं, आणि त्या क्षणापासून त्या बाई पुन्हा पूर्वीसारख्या वागायला लागल्या. स्टेशनवर रडल्या. मी जात होते म्हणून रडू शकल्या.

पाहुणी होते तोवर मी घरातली होते. शेजारीण व्हायला निघाले आणि कुणीच राहिले नाही. माझा विश्वासघात झाला होता — हा शब्द मी आज पहिल्यांदा वापरते आहे. पुण्यात येऊन मी सगळ्यांना काय सांगितलं? आईला बरं नसतं, म्हणून आले. आई ठणठणीत होती. ती बिचारी पाहुणे आले की माझ्यासाठी उगाच खोकायची.

आता सुवर्णा.

ती गेली, आणि दोन वर्षांत तिथे रमली असं तिच्या फोनवरून वाटायचं. एका शहराच्या कडेला, जुन्या बैठ्या घरांच्या गल्लीत ते भाड्यानं राहत होते. बारा घरं. गल्लीच्या प्रमुख मोरिता-सान नावाच्या साठीच्या बाई. मुलगी झाली, तिचं नाव ओवी. घराचा म्हातारा मालक मुलाकडे राहायला जाणार होता आणि त्याला ते घर विकायचं होतं. सुवर्णाच्या मनानं घेतलं की हेच घर घ्यायचं. गणेशचं म्हणणं वेगळं होतं. स्टेशनपलीकडे नव्या इमारती झाल्या होत्या, तिथे चार-पाच भारतीय कुटुंबं होती, तिथे एक फ्लॅट त्यानं बघूनही ठेवला होता. दोघांचं ठरत नव्हतं. आणि तेव्हा ते पत्र आलं.

सकाळची वेळ होती, मी वर्गाच्या आधी डायनिंग टेबलावर वह्या तपासत होते. फोनवर एका कागदाचा फोटो आला, पाठोपाठ तिचा आवाज. “मॅडम, गल्लीचं पत्र आलंय! हातानं लिव्हलंय, मला अक्षरच लागंना, फोनला पन लागंना. पन खाली शिक्के हायत बघा, आमचं घर सोडून अकराच्या अकरा घरांनी मारलेत. चांगलंच आसंल ना?” तिकडे सहीच्या जागी नावाचा लाल गोल शिक्का मारतात. अकरा लाल ठिपके एका ओळीत, कुंकवाच्या बोटांसारखे. आपल्या डोळ्यांना ते शुभच दिसणार.

मी पत्र वाचायला घेतलं. ब्रशच्या पेनानं लिहिलेलं, देखणं अक्षर. सुरुवातीला ऋतू बदलल्याचा उल्लेख, बाळाच्या तब्येतीची चौकशी. तिसऱ्या ओळीत मला कळलं. आमची गल्ली जुनी, माणसं वयस्कर, आमच्या सवयी मोडता मोडत नाहीत. आपल्यासारख्या तरुण परदेशी कुटुंबाला इथे कायमचं रुळणं जड जाईल, याची आम्हाला मनापासून काळजी वाटते. स्टेशनपलीकडे आपल्या देशाची माणसं राहतात असं ऐकतो, तिथे आपल्याला अधिक मोकळं वाटेल. घर घेण्याआधी आपण पुन्हा एकवार विचार करावा, अशी सर्व घरांची नम्र विनंती. मग ते शिक्के.

एकही वाईट शब्द नाही. मी तशी मजकूर लिहिण्यात कच्ची नाही, आमच्या सोसायटीत बाहेरच्या भाडेकरूंबद्दलच्या सूचना कमिटी माझ्याकडूनच लिहून घेते, ‘कृपया’ आणि ‘सहकार्य’ कुठे पेरायचं ते मला चांगलं कळतं. म्हणूनच त्या पत्राचा अर्थ लागायला मला वेळ लागला नाही.

आणि मला काय झालं? सुवर्णाची दया आली? नाही हो. मला पुन्हा ती खोली आठवली आणि संताप आला — माझ्यासाठी. इतकी वर्षं मी यांची वकिली केली! शेकडो पोरांना सांगितलं की ही माणसं तशी नाहीत. आणि ही माणसं तशीच होती, तेव्हाही आणि आताही, आणि मला ते पहिल्यापासून माहीत होतं. तो फोटो मी तीनदा मोठा करून बघितला. खाली वर्गाच्या मुलांच्या गाड्या लागल्याचे आवाज आले.

मी तिला लिहिलं, ‘स्वागताचं पत्र आहे. सगळ्या गल्लीनं मिळून लिहिलं आहे. जपून ठेव.’

हेच ते खोटं.

लगेच तिचा फोन आला. हसत होती की रडत होती, कळेना. “मग घर घेऊ ना मॅडम? मी गनेशला म्हनलं, मॅडमना इचारते आन् मगच ठरवू.” मी म्हटलं, घे. असं पत्र कुणालाही येत नाही. हे मी तोंडानं बोलले आहे.

का?

पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होते की तिला वाईट वाटू नये म्हणून. बाळंतपण नुकतंच झालेलं, परका मुलुख. पण तसं असतं तर मी गुपचूप गणेशला फोन केला असता, म्हटलं असतं, तो फ्लॅटच बरा. त्याचा नंबर माझ्याकडे होता. मग म्हणत होते की माझी गोष्ट खोटी ठरू नये म्हणून, धंदा आहे, पोरं जपानचं स्वप्न घेऊन येतात. हे जरा जवळचं आहे. पण तिला एकटीला खरं सांगून धंदा बुडाला नसता.

खरं असं आहे की, तिला पत्राचा अर्थ सांगितला असता तर तो मला इतक्या चटकन कसा कळला, हेही सांगावं लागलं असतं. आणि कुणाला? जिला मी ‘आहे’ म्हणायला शिकवलं तिला. तिच्यापुढे मी नाकारलेली बाई होणार होते. आणि अजून एक आहे. मी इथे लिहिलं होतं की तिचं वाईट व्हावं असं मला क्षणभरही वाटलं नाही. ते वाक्य खोडलं आहे. क्षणभर वाटलं. मला जिथून काढलं तिथे ही ‘हाय-नाय’ करणारी मुलगी घर घेणार, दारावर पाटी लावणार — जाऊ दे, बघू दे तिलाही. इतकं स्पष्ट नाही वाटलं. पण वाटलं.

पुढचं सगळं त्या एका निरोपाला धरून झालं. स्वागताचं पत्र आलं तर उत्तर नको का द्यायला? तिनंच विचारलं. मी तिला सांगितलं, घरी केलेलं काहीतरी घेऊन अकराही घरी जाऊन ये. आणि एक वाक्य शिकवलं, अगदी घरंदाज, माझ्या सगळ्या शिकवण्यात उत्तम म्हणावं असं: आपलं पत्र मिळालं, वाचून फार आनंद झाला, मनापासून आभार. तिनं ते फोनवर मला चार वेळा म्हणून दाखवलं. एकही चूक नाही. दुसऱ्या दिवशी बाळाला पाठीशी बांधून, शंकरपाळ्यांचे अकरा डबे घेऊन ती दारोदार गेली, कंबरेत वाकली, आणि ज्यांनी तिला जा म्हणून लिहिलं होतं त्यांना म्हणाली, वाचून फार आनंद झाला. पंधरा दिवसांनी घराचे कागद झाले.

तुम्ही त्या लोकांच्या जागी असता तर काय समजला असता? एक तर वेडी आहे, नाहीतर तोंडावर आपली थट्टा करते आहे. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं का? मी भाषा शिकवते. सुचलं होतं.

तिकडे गल्लीत सूचनांचं एक पॅड फिरतं. आपण परीक्षेला न्यायचो तसलं, त्याला कागद लावलेले असतात. एका घरानं वाचायचं, आपला शिक्का मारायचा आणि शेजारच्या दारात ठेवायचं. कचऱ्याचे वार, कुणाचं आजारपण, कुणाचा मृत्यू, सगळं त्यावर. ते पॅड सुवर्णाच्या घराला वगळून पुढे जायला लागलं. तिनं मला विचारलं. मी म्हटलं, तुझं लहान मूल आहे ना, तुला त्रास नको म्हणून. तिनं ठेवलेली कचऱ्याची पिशवी कुणीतरी परत तिच्या दारात आणून ठेवली. मी म्हटलं, अगं, ते अशानंच शिकवतात, आपली मानून शिकवतात. ओवीच्या वाढदिवसाला बोलावलेल्यांपैकी कुणी आलं नाही. मी म्हटलं, संकोची असतात. प्रत्येक वेळी माझ्याकडे उत्तर तयार. आणि प्रत्येक वेळी तिचं, “आसं हाय व्हय! मला उगाच वाईट वाटलं.”

सात वर्षं. सात वर्षं ती कचरा ठेवायची जागा आपल्या पाळीला आणि दुसऱ्यांच्या पाळीलाही झाडत होती. बर्फ पडला की सगळ्यांच्या दारातला काढत होती. गणेश म्हणायचा विकून टाकू, तर ती म्हणायची, तुमी गप ऱ्हावा, तुमाला मानसं कळत नाहीत. तिनं ते पत्र फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर लावलं होतं. भिंतीवर लावलेलं पुन्हा कुणी वाचतं का? आणि गल्लीतलं कुणी घरात पाऊल टाकेल आणि वाचून दाखवेल, असंही काही झालं नाही.

इथवर फक्त भित्रेपणा आहे म्हणा. इथून पुढचं त्याहून वाईट.

मी त्या पत्राचा फोटो उडवला नाही. छापून घेतला. माझ्या वरच्या वर्गाला खऱ्या हस्ताक्षरातली पत्रं वाचायचा सराव लागतो आणि असला नमुना मिळत नाही. नाव आणि शिक्के यांच्यावर पांढरा कागद ठेवून मी झेरॉक्स काढल्या. तीन बॅचेसना तो उतारा दिला. खाली प्रश्न घातला: पत्र लिहिणाऱ्यांचा खरा हेतू एका वाक्यात लिहा. ऋचा नावाच्या माझ्या हुशार विद्यार्थिनीनं लिहिलं होतं, ‘तुम्ही इथे राहू नका.’ मी लाल पेनानं तिला पूर्ण गुण दिले. शेजारी शाबासही लिहिलं.

म्हणजे एकीकडे मी सुवर्णाला फोनवर सांगत होते की ते संकोची असतात, आणि त्याच आठवड्यात, त्याच हॉलमध्ये, वर्गाला समजावत होते की नकार किती सभ्यपणे देता येतो.

गेल्या दिवाळीत ऋचा नोकरीसाठी त्याच शहरात गेली. मराठी माणसं एकमेकांना शोधून काढतातच. ही सुवर्णाकडे फराळाला गेली आणि भिंतीकडे बघून आनंदानं ओरडली, “अय्या, हे तर आम्हाला टेस्टला होतं!” बिचारीला काय कल्पना? सुवर्णा म्हणाली असेल, कसली टेस्ट? मग ऋचाला पुढचं सांगावं लागलं. त्या दिवशी मला ऋचाचा एवढाच मेसेज आला: ‘मॅडम, तिला माहीत नव्हतं.’ त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. सुवर्णाचाही फोन आला नाही. मी वाट बघत होते असं नाही. फोन वाजला की मी आधी नाव बघत होते.

या मे महिन्यात ती पुण्याला आली. दुपारी तीनला, न कळवता. दार उघडलं तर ती. चपला काढून, तिकडच्या सवयीनं, टोकं दाराकडे करून नीट लावल्या. जिथे ती शिकायला बसायची त्याच बाजूला बसली. बारीक झाली होती. पाणी घेतलं. मी ओवीची चौकशी केली, तिनं नीट उत्तर दिलं, तिसरीत आहे, चित्रं छान काढते. मग म्हणाली, “मोरिता-सान गेल्या हिवाळ्यात वारल्या. मला कळलंच नाय. पॅड येतच नाय ना आमच्याकडं. सात दिवसांनी कचऱ्यापाशी बायका बोलत हुत्या, तवा कळलं.”

मी काहीतरी म्हटलं. अरेरे असं काहीतरी.

तिनं पर्समधून पत्र काढलं. फ्रेममधून काढलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. माझ्यापुढे ठेवलं. ती चिडली नव्हती. चिडली असती तर मी तिला चांगलं उत्तर दिलं असतं, मला ते जमतं. ती म्हणाली, “मला अर्थ म्हाईत हाय. ऋचानं सांगितलाय. पन मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. मराठीत वाचा.”

मी वाचलं. आवाज चांगला लागला होता, तेही नोंदवते. ऋतू, बाळाची तब्येत, जुनी गल्ली, वयस्कर माणसं, स्टेशनपलीकडची वस्ती, नम्र विनंती. काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही. वाचताना मला वाटायला लागलं की आता तरी मी हिच्याशी सरळ वागते आहे. तुम्हाला सांगते, बरं वाटलं मला. शिक्क्यांपाशी आले आणि थांबले.

“येवढंच हाय?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, हो, एवढंच.

 ती “बरं” म्हणाली, पत्राची घडी घातली, पर्समध्ये ठेवलं आणि उठली. जाताना वाकून नमस्कार केला — तिकडच्यासारखा नाही, आपल्यासारखा, पायाला हात लावून. मी तिला करू दिला.

एवढंच नव्हतं. शिक्क्यांच्या खाली, कागदाच्या अगदी कडेला, साध्या बॉलपेननं घाईत लिहिलेल्या बारीक ओळी आहेत. अक्षर वेगळं आहे, बाईचं आहे. पहिल्या दिवशी फोटो मोठा केला तेव्हाच मी त्या वाचल्या होत्या. वर्गासाठी झेरॉक्स काढताना त्यांच्यावरही पांढरा कागद ठेवला होता, आणि भिंतीवर त्या फ्रेमच्या पट्टीखाली गेल्या असणार, त्यामुळे ऋचाला त्या माहीत नाहीत. सुवर्णाला आता तसलं अक्षर वाचता येतं की नाही, मला माहीत नाही. तिनं विचारलं आणि मी हो म्हटलं. त्या ओळी अशा:

‘हे बाकीच्या घरांना माहीत नाही. माझा शिक्का वर आहे, पण तुम्ही राहावं असं मला वाटतं. राहायचं ठरवलंत तर कुणाकडेही जाण्याआधी माझ्याकडे या आणि मला तसं सांगा. मी तुमच्याबरोबर प्रत्येक घरी येईन. काही बोलला नाहीत तर तुम्हाला माझी मदत नको आहे असं समजेन, आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. — मोरिता’

शंकरपाळ्यांचा पहिला डबा सुवर्णानं त्यांच्याच घरी दिला होता. मी शिकवलेलं तेवढंच वाक्य म्हटलं आणि पुढच्या घरी गेली.